जिमी होगन: बर्नलीत न मिळालेलं उत्तर

रेषेबाहेरचा (धागाकर्ता)

बर्नली क्लबचा एक तरुण फॉरवर्ड. समोरच्यांना चकवत गोलपर्यंत आला, फटका मारला आणि चेंडू आडव्या दांडीवरून गेला. मैदानावर हे रोज होतं. पण हा पोरगा मॅचनंतर मॅनेजर स्पेन व्हिटेकरला जाऊन विचारतो, माझं नेमकं चुकलं काय? पाय नीट पडला नाही, की तोल गेला? व्हिटेकरने त्याला उडवून लावलं. मारत राहा, दहातला एक आत गेला तरी पुष्कळ झालं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला.

तो पोरगा म्हणजे जिमी होगन, पुढे युरोपभर फुटबॉल शिकवत फिरलेला प्रशिक्षक. हा किस्सा तो स्वतः सांगायचा. धागा काढायचं कारणही हा किस्साच. त्या काळच्या इंग्लंडमध्ये असा प्रश्न विचारणं आगाऊपणाचं होतं. व्हिएन्ना-बुडापेस्टमध्ये मात्र लोक नेमका हाच प्रश्न घेऊन त्याच्याकडे यायचे.

जन्म १६ ऑक्टोबर १८८२, नेल्सन, लँकशायर. कापडगिरण्यांचा मुलूख, तिकडचं गिरणगावच म्हणा. आयरिश कॅथलिक घर, वडील गिरणीत. मुलाने पाद्री व्हावं अशी घरच्यांची इच्छा, म्हणून मँचेस्टरच्या सेंट बीड्स या कॅथलिक कॉलेजात घातलं. हा निघाला फुटबॉलच्या नादाचा. स्वतःच जुळवलेल्या सायकलवर घरातल्या घरात मैलोनमैल पॅडल मारत बसायचा. त्याने पळण्याचा वेग वाढला नाही, पोटऱ्या मात्र आखडल्या. व्यायाम वेगळा आणि खेळ वेगळा हे त्याला तेव्हाच कळलं असावं, असं आपलं मला वाटतं.

पैसे घेऊन खेळायला इंग्लंडमध्ये १८८५ साली अधिकृत परवानगी मिळाली. १९०१ पासून आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड, त्यावर एक पेनी नाही. म्हणजे होगन व्यावसायिक फुटबॉलच्या अगदी पहिल्या पिढ्यांतला. रॉचडेल, बर्नली, पुन्हा नेल्सन, फुलहॅम, स्विंडन, बोल्टन अशी भटकंती केली. खेळाडू म्हणून बरा, थोर नव्हे. देशाकडून कधी खेळला नाही. फुलहॅमबरोबर १९०८ ला एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, तिथे न्यूकॅसलने ६-० असं धुतलं. पण फुलहॅमने त्याला एक गोष्ट दिली. मॅनेजर हॅरी ब्रॅडशॉने तिथे स्कॉटिश पद्धतीचा, चेंडू जमिनीवर ठेवून जवळच्या जवळ पास देण्याचा खेळ आणला होता. होगनच्या डोक्यात तो कायमचा बसला.

आता 'ट्रेनर' या शब्दाबद्दल, कारण इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. तेव्हाच्या इंग्लिश क्लबात ट्रेनर म्हणजे मालीश करणारा, दुखावलेल्या खेळाडूकडे पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन धावणारा माणूस. मॅनेजर हा बराचसा सेक्रेटरी: पत्रव्यवहार, प्रवास, करार. संघ निवडायचे बहुतेक ठिकाणी संचालक. खेळ शिकवणं हे कुणाचंच काम नव्हतं. पट्टीचा खेळाडू जन्मतो, त्याला शिकवायचं काय? आठवडाभर मैदानाला चकरा, थोडं दौडणं, लांब चालणं. चेंडू फारसा द्यायचाच नाही, कारण आठवडाभर उपाशी ठेवलं की शनिवारी पोरं चेंडूवर तुटून पडतील, असा ठाम समज. चेंडूशी सलगी नसलेल्या माणसाला शनिवारी चेंडू मिळाला तरी तो त्याचं करणार काय, हे कुणी विचारत नव्हतं.

बोल्टनचा संघ हॉलंडला दौऱ्यावर गेला आणि डॉर्ड्रेख्टच्या संघाला त्यांनी १०-० ने हरवलं. परत येऊन या मंडळींना खेळायला शिकवायचं, हे होगनने तिथेच ठरवलं. १९१० साली तो खरंच डॉर्ड्रेख्टचा प्रशिक्षक झाला. संघात बरेचसे विद्यार्थी. त्यांना 'का' हा प्रश्न पडायचा आणि होगनला नेमका तोच हवा होता. फळा, खडू आणि चेंडू. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॉलंडच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी एका सामन्यापुरती मिळाली, जर्मनीविरुद्ध. जिंकले २-१. मग गडी परत बोल्टनला, खेळाडू म्हणून.

व्हिएन्ना, युद्ध आणि बुडापेस्ट पुढच्या भागात. आज हात दुखले.

दादरची_मंजू

पुढच्या भागाची वाट बघतेय. ती सायकल फार आवडली. आमच्या सोसायटीतल्या काकांनी अशी एक घेतली आहे, तिच्यावर टॉवेल वाळतात.

पेठकर_१०

भावा, चेंडूची उपासमार वाचून हसू आलं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर लीग बघत वाढलेला माणूस आहे मी. आमच्याकडं फुटबॉल संघांची नावंच पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशी. तालमीत वस्ताद असतो आणि वस्ताद डाव शिकवतो. धोबीपछाड का बसला नाही हे पोरानं विचारलं तर वस्ताद "मारत राहा" म्हणत नाही, पाय धरून दाखवतो. मग साहेबांच्या देशात ही अक्कल कशी नव्हती?

पण खरं सांगायचं तर माझ्या लहानपणी मला एका क्लबात पळवलंच होतं नुसतं. पहिले दोन महिने पळा. चेंडू मोठ्या पोरांकडं.

रेषेबाहेरचा

पेठकर, वस्तादाचं उदाहरण अगदी बरोबर. होगन म्हणजे फुटबॉलमधला वस्तादच, फक्त त्याला तालीम परदेशात मिळाली.

भाग दोन.

१९१२. ऑस्ट्रियाचा फुटबॉल ह्यूगो माइस्लच्या हातात होता. व्हिएन्नातल्या ज्यू व्यापारी घरातला, बऱ्याच भाषा येणारा, फुटबॉलने झपाटलेला गृहस्थ. हंगेरीशी ऑस्ट्रियाची १-१ अशी बरोबरी झाली, तेव्हा हा इंग्लिश रेफरी जेम्स हाउक्रॉफ्टला विचारतो की आमचं कमी काय पडतं? हाउक्रॉफ्ट म्हणाला, तुम्हाला नीट शिकवणारा माणूस हवा, आणि त्याने होगनचं नाव सुचवलं. त्या वर्षीच्या स्टॉकहोम ऑलिंपिकसाठी होगन व्हिएन्नाला गेला. ऑस्ट्रियाने जर्मनीला ५-१ हरवलं आणि पुढे हॉलंडकडून १-३ ने मार खाल्ला. गंमत अशी की त्या हॉलंडला शिकवत होता एडगर चॅडविक, एव्हर्टनचा जुना व्यावसायिक खेळाडू. म्हणजे १९१२ मध्येच युरोपच्या मैदानांवर मायदेशी काम न उरलेले इंग्लिश खेळाडू एकमेकांविरुद्ध डाव टाकत होते, आणि लंडनला पत्ता नव्हता.

माइस्लने पुढे १९१६ च्या बर्लिन ऑलिंपिकची तयारी म्हणून त्याला पुन्हा बोलावलं. होगन बायकामुलांसह व्हिएन्नात. आणि १९१४ चा ऑगस्ट आला.

शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पोलिसांनी त्याला उचललं. सुटका केली ती व्हिएन्नात मोठं दुकान चालवणाऱ्या ब्लाइथ नावाच्या इंग्लिश भावांनी. जामीन राहून त्यांनी त्याला घरी ठेवून घेतलं आणि तो त्यांच्या मुलांना टेनिस शिकवत बसला. बायकामुलांना १९१५ मध्ये इंग्लंडला परतायची परवानगी मिळाली, याला नाही. मग बुडापेस्टच्या एमटीके क्लबचा उपाध्यक्ष, केंब्रिजला शिकलेला एक बॅरन, याने खटपट करून त्याला हंगेरीत नेलं. अट एकच, पोलिसांत नियमित हजेरी.

एमटीकेचे बरेच खेळाडू आघाडीवर गेलेले. होगनने पोरं गोळा करायला सुरुवात केली. अंगोल पार्क नावाच्या बागेत दोन मुलं चेंडू खेळताना दिसली, जेमतेम शाळकरी: ग्यॉर्ग ओर्थ आणि योझेफ ब्राउन. त्यांना त्याने तिथेच उचललं. रोज चेंडू, दोन्ही पाय, पास द्यायचा आणि जागा बदलायची. १९१७ पासून एमटीकेने लीग जिंकायला जी सुरुवात केली ती १९२५ पर्यंत थांबलीच नाही. होगन युद्ध संपताच गेला होता, पण पोरं तीच होती.

ओर्थ पुढे प्रशिक्षक झाला, १९३० च्या पहिल्या विश्वचषकात चिलीचा संघ त्याच्याकडे होता. ब्राउन ज्यू होता. १९४३ मध्ये सक्तमजुरीच्या छावणीत मेला. एमटीके हा बुडापेस्टच्या ज्यू मध्यमवर्गाचा क्लब मानला जायचा, तोही त्या काळात बंद पाडला गेला. बागेत सापडलेल्या दोन मुलांची गोष्ट सांगताना हे गाळून पुढे जाता येत नाही.

आता मोज्यांची गोष्ट. युद्धानंतर होगन इंग्लंडला परतला, खिशात दमडी नाही. युद्धामुळे हाल झालेल्या व्यावसायिक खेळाडूंसाठी मदतनिधी आहे, असं कुणी सांगितलं. गाडीभाड्याला उसने पैसे घेऊन तो लंडनला एफएच्या कचेरीत गेला. सेक्रेटरी फ्रेडरिक वॉल यांनी त्याच्यापुढे खाकी मोज्यांचे तीन जोड ठेवले. आघाडीवरची पोरं हे मिळाले तरी खूश असायची, असं वर ऐकवलं. म्हणजे युद्धात लढायचं सोडून शत्रूच्या घरी फुटबॉल शिकवत होतास, हे न बोलता बोललं गेलं. होगन हे कधी विसरला नाही.

दादरची_मंजू

मोजे! माणसाला नुसतं "नाही" म्हणता येतं की.

शंकासूर

लेख रंगतदार आहे, पण थोडी टाचणी लावतो.

एक: एमटीकेला पासिंगचा खेळ होगनने शिकवला, ही अर्धी गोष्ट. त्याच्या आधी तिथे जॉन टेट रॉबर्टसन होता, रेंजर्स आणि चेल्सीचा स्कॉटिश खेळाडू. १९११ पासून एमटीकेत. स्कॉटिश खेळाची पेरणी त्याची. होगनला नांगरलेली जमीन मिळाली.

दोन: १९५३ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ हरवलं, त्यानंतर हंगेरीच्या लोकांनी होगनचं नाव घेतलं आणि तेव्हापासून सगळे "होगनने हंगेरी घडवली" म्हणतात. १९१८ आणि १९५३ मध्ये ३५ वर्षं आहेत. त्या संघाचा कर्णधार पुश्काश, १९२७ चा जन्म. मधल्या लोकांचं काय? प्रशिक्षक मार्टन बुकोवी? सरकारने होन्वेद हा लष्कराचा क्लब करून पुश्काश, बोझिक, कोचिश, चिबोर, ग्रोशिच एका छताखाली आणले, त्याचं काय?

वास्कोकर

शंकासूर आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.

अवांतर: हा पाद्री व्हायचा राहिला आणि फुटबॉल शिकवत फिरला. आमच्या गोव्यात फुटबॉल आणला तो पाद्र्यानेच, फादर लायन्स, १८८३, शिवोली. होगन तेव्हा एक वर्षाचा. सेमिनरीतून थेट गोव्याला आला असता तर आम्हीच वेम्बलीवर सहा मारले असते.

अवांतराखाली अवांतर: होगन एकटाच नव्हता. विल्यम गार्बट बघा. आर्सेनल आणि ब्लॅकबर्नचा विंगर, दुखापतीने खेळ संपला, १९१२ ला जेनोआचा प्रशिक्षक. १९१५, १९२३, १९२४ अशी तीन विजेतेपदं. नंतर रोमा, नापोली, आणि १९३६ मध्ये बिल्बाओला स्पॅनिश लीगसुद्धा जिंकून दिली. इटलीत आजही प्रशिक्षकाला 'मिस्टर' म्हणतात, ते याच्यामुळे असं सांगतात. युद्धात त्यालाही नजरकैद झाली, आणि बायको बॉम्बहल्ल्यात गेली.

पेठकर_१०

आणि बिल्बाओचाच फ्रेड पेंटलंड! गोल हॅट घालायचा. मोठा सामना जिंकला की पोरं ती हॅट काढून पायाखाली तुडवायची. १९३१ मध्ये बार्सिलोनाला १२-१. त्या वर्षी किती हॅट गेल्या असतील!

रेषेबाहेरचा

पेंटलंडचं पहिलं महायुद्ध होगनपेक्षा वाईट गेलं. तो जर्मनीच्या ऑलिंपिक संघाला शिकवायला गेला होता, तिथे अडकला. बर्लिनजवळ रूलेबेन नावाचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं, तिथल्या तबेल्यांत ब्रिटिश नागरिकांना कोंडलं होतं. डर्बीचा स्टीव्ह ब्लूमर, त्या काळचा इंग्लंडचा सगळ्यात मोठा गोल मारणारा, तोही तिथेच. त्या पठ्ठ्यांनी तुरुंगात लीग चालवली.

शंकासूर, मुद्दा एक पूर्ण मान्य. रॉबर्टसनवर कुणी लिहीत नाही ही चूकच, माझ्याकडूनही तीच झाली. पण एक फरक सांगतो. रॉबर्टसनने खेळ दाखवला. होगनने तो शिकवण्याची पद्धत दिली. त्याच्या हाताखालची माणसं स्वतः शिक्षक झाली, आणि त्यांनी पुढचे शिक्षक घडवले. मुद्दा दोनचं उत्तर तिसऱ्या भागात देतो.

बर्नचा_पाहुणा

कामानिमित्त बर्नमध्ये राहतो, म्हणून नोंद. होगन युद्धानंतर इथल्या यंग बॉइज क्लबात होता, मग लोझानला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला स्वित्झर्लंड अंतिम फेरीत गेलं, उरुग्वेकडून ०-३ ने हरून रौप्य. मुख्य प्रशिक्षक टेडी डकवर्थ आणि मदतीला होगन आणि डोरी क्युर्शनर. हा क्युर्शनर एमटीकेचा जुना खेळाडू. तो १९३७ ला थेट रिओला गेला, फ्लामेंगोला शिकवायला. रेबा (रेषेबाहेरचा) म्हणतात ती शिक्षकांची साखळी ब्राझीलपर्यंत जाते ती अशी.

नवखी_प्रेक्षक

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरी वाचतेय. एक विचारू? याचं जर्मन, हंगेरियन वगैरे चांगलं होतं का? शिकवायचा कसा?

रेषेबाहेरचा

भाग तीनची सुरुवात तिथूनच करतो.

जर्मन यथातथाच. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो जर्मनीत गावोगाव व्याख्यानं देत फिरला. एका व्याख्यानात म्हणे भाषेने असा दगा दिला की वाक्यावाक्याला लोक हसायला लागले. मध्यंतरात हा आत गेला, सूट काढून खेळाचे कपडे घातले आणि अनवाणी स्टेजवर आला. सांगितलं, आता ऐकू नका, बघा. उजव्या पायाने चेंडू लाकडी फळीवर असा हाणला की फळी चिरली, मग डाव्याने तसाच. हशा बंद. तेव्हा तो पन्नाशीकडे झुकलेला होता. फळी किती जाड हे आपण विचारायचं नाही, कीर्तनात बुवांना कुणी तपशील विचारत नाही.

ड्रेस्डेनच्या क्लबात त्याच्या हाताखाली हेल्मुट शोन नावाचा मुलगा होता. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

मग पुन्हा व्हिएन्ना. ७ डिसेंबर १९३२, स्टॅम्फर्ड ब्रिज, इंग्लंड विरुद्ध माइस्लचा 'वुंडरटीम' (अद्भुत संघ) म्हणून गाजलेला ऑस्ट्रियाचा संघ. होगन ऑस्ट्रियाच्या गोटात. ऑस्ट्रिया ३-४ ने हरली, पण लंडनच्या पेपरांनी कौतुक केलं ते हरलेल्या संघाचं. त्या पाहुण्यांबरोबर आलेला शिक्षक आपलाच गिरणीवाल्याचा पोर आहे, हे पहिल्यांदा इंग्लंडच्या लक्षात आलं.

१९३४ मध्ये फुलहॅमने त्याला मॅनेजर म्हणून बोलावलं. जुना क्लब. तिथे काय झालं? मुरलेल्या खेळाडूंना कसलं शिकवायचं, असं खेळाडूंनाही वाटलं आणि संचालकांनाही. ३१ सामने झाले. अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी हा दवाखान्यात, आणि तिथेच नारळ. १९०३ चा व्हिटेकर काय आणि १९३५ चे संचालक काय. फरक एवढाच, की आता प्रश्न विचारणारा बावन्न वर्षांचा होता.

माइस्लने परत बोलावलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला ऑस्ट्रियाचा हौशी संघ घेऊन होगन अंतिम फेरीत गेला, इटलीकडून १-२ ने हार, रौप्य. काही महिन्यांत, फेब्रुवारी १९३७ मध्ये, माइस्ल वारला.

त्याआधीच, १९३६ मध्ये, ॲस्टन व्हिलाने होगनला नेमलं होतं. व्हिला इतिहासात पहिल्यांदाच दुसऱ्या श्रेणीत घसरली होती. १९३८ मध्ये याने तिला दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवून देऊन वर आणलं, त्याच मोसमात एफए कपची उपांत्य फेरीही गाठली. मायदेशी मॅनेजर म्हणून हे त्याचं एकमेव घवघवीत यश. मग पुन्हा युद्ध. एका माणसाच्या धंद्याच्या मधोमध दोन महायुद्धं यावीत, ही काय साडेसाती म्हणायची.

नंतर बर्नली, ब्रेंटफर्ड आणि सेल्टिक, खेळाडूंना शिकवणारा म्हणून. सेल्टिकमध्ये मुरलेले गडी म्हाताऱ्याची चेष्टा करायचे. पण तिथला एक तरुण, टॉमी डॉकर्टी, पुढे स्वतः मोठा मॅनेजर झाला आणि होगनबद्दल आयुष्यभर आदराने बोलला.

२५ नोव्हेंबर १९५३. होगन ७१ वर्षांचा, व्हिलाच्या पोरांना शिकवत होता. त्या पोरांना घेऊन तो वेम्बलीवर हंगेरीचा सामना बघायला गेला. एक लाखावर प्रेक्षक. पहिल्याच मिनिटात हिदेगकुतीचा गोल. शेवटी इंग्लंड ३, हंगेरी ६. युरोपखंडातल्या संघाकडून इंग्लंड घरच्या मैदानावर पहिल्यांदाच हरलं. हंगेरीच्या फेडरेशनचे अध्यक्ष शांदोर बार्च यांनी सांगितलं, आम्हाला जे येतं ते जिमी होगनने शिकवलं. प्रशिक्षक गुस्ताव शेबेश म्हणाला, आमच्या फुटबॉलच्या इतिहासात त्याचं नाव सोन्याच्या अक्षरांत लिहायला हवं.

शंकासूर

सुरेख लिहिलंय, पण मुद्दा दोन तसाच आहे. दुसऱ्याच्या घरी जिंकल्यावर यजमानाच्या माणसाचं कौतुक करणं हा शिष्टाचारही असतो. किंबहुना टोमणाही: तुमचाच माणूस होता, तुम्ही ओळखला नाहीत. आणि हिदेगकुतीला मागे खेळवायची युक्ती होगनची नव्हे. ती एमटीकेत बुकोवीने घडवली.

रेषेबाहेरचा

युक्ती बुकोवीचीच. होगनने व्यूह शिकवले असा माझा दावा नाही. सेंटर फॉरवर्ड मागे येऊन पास घेतो तेव्हा त्या पासला अर्थ येतो, कारण उरलेल्या नऊ जणांना चेंडू पहिल्या स्पर्शात थांबवता येतो आणि दुसऱ्यात देता येतो. ही सवय बुडापेस्टमध्ये कुठून आली, एवढाच प्रश्न आहे. "होगनने हंगेरी घडवली" हे वाक्य मीही लिहिणार नाही. टोमणा असेल तर तो वर्मी लागला, एवढं नक्की.

हैदराबादी_मराठी

भारताकडे येऊ का जरा? धागा भरकटवत नाही, संबंध आहे.

सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक, मग हैदराबाद सिटी पोलिसांचे प्रशिक्षक. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप हैदराबादने नेला. भारताला १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. ब्राझीलने १९५८ मध्ये ४-२-४ (चार बचावाला, दोन मध्ये, चार आघाडीला) ही मांडणी जगाला दाखवण्याआधीच रहीमसाहेब त्या दिशेने गेले होते, आणि ती दिशा हंगेरीच्या खेळातून आलेली. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२ असा विजय, त्यात नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक.

होगन आणि रहीम कधी भेटले असं मी म्हणत नाही. पण दोघांचाही मूळ आग्रह चेंडू पायाशी, डोकं वर, दोन्ही पाय चालले पाहिजेत, हाच.

वास्कोकर

नेव्हिल डिसूझा म्हणजे गोंयकारच, मुंबईत वाढलेला. आमच्या खात्यात धरा.

पेठकर_१०

माझे आजोबा कूपरेजवर रोव्हर्सच्या मॅचला गेले होते म्हणायचे. कोणती मॅच, कोण जिंकलं, काही आठवायचं नाही त्यांना. फक्त "पोलीस लई शिस्तीत पास द्यायचे" एवढंच. आता कळतंय ते कुठले पोलीस.

नवखी_प्रेक्षक

शोनचं सांगणार होतात.

रेषेबाहेरचा

हो, राहिलंच. होगन ३० जानेवारी १९७४ ला गेला, वय ९१, बर्नलीत. जिथे तो प्रश्न विचारला, तिथेच. जर्मन फेडरेशनने त्याच्या मुलाला पत्र पाठवलं, त्यात त्याला जर्मनीतल्या आधुनिक फुटबॉलचा जनक म्हटलं होतं. त्यानंतर पाच महिन्यांनी, ७ जुलैला, पश्चिम जर्मनी म्युनिकमध्ये विश्वविजेता झाला. प्रशिक्षक हेल्मुट शोन, ड्रेस्डेनचा तोच मुलगा.

दादरची_मंजू

एक बाळबोध शंका. सगळा धागा वाचला, पण त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलेलं नाही. चेंडू दांडीवरून का गेला?

पेठकर_१०

ताई, मी शनिवार-रविवार पेठेतल्या पोरांना शिकवतो, म्हणून सांगतो. फटका मारताना दुसरा पाय, म्हणजे टेकवलेला, चेंडूच्या बाजूला हवा. तो मागं राहिला की शरीर मागं कलतं, पाय चेंडूच्या खालून जातो आणि चेंडू आभाळात. छाती चेंडूवर झुकलेली पाहिजे, घोटा ताठ, नजर चेंडूवर. गोल जवळ दिसला की पोरगं घाईनं एक पाऊल आधीच मारतं, तिथंच चुकतं. होगन चकवत आला होता म्हणताय, म्हणजे पावलं जुळलेली नसणार. पाय का तोल, असं त्यानं विचारलं ना? दोन्ही. पाय चुकला म्हणून तोल गेला.

शंकासूर

हे पटलं. मुद्दा दोनवर मी अजून ठाम आहे. बुकोवीवर वेगळा धागा काढतोय, रेबा, तिकडे या.